‘बिबट्या शिरला’: एका वाक्याची तपासणी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत दोन गोष्टी साधारण एकाच सुमारास सुरू होतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बिबट्या येतो. ‘मानवी वस्तीत बिबट्या शिरला’, ‘बिबट्याच्या वावराने घबराट’, ‘पिंजरा लावण्याची ग्रामस्थांची मागणी’ हे मथळे कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांतल्या वाचकांना पाठ झाले आहेत. मथळ्याखालच्या बातमीचा शेवटही बहुधा ठरलेला असतो: जंगलतोडीमुळे भक्ष्य व पाणी मिळेनासे झाल्याने वन्यप्राणी मानवी वस्तीकडे वळू लागले आहेत.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी ‘आमच्या गावातील बिबट्या’ या विषयावर एक पानभर लिहायला सांगितले. वह्या तपासताना दिसले, की हेच वाक्य थोड्याफार फरकाने जवळजवळ सगळ्यांनी लिहिले आहे. मुलांनी एकमेकांचे पाहून लिहिले नव्हते. ते त्यांनी बातमीत वाचले होते, वन्यजीव सप्ताहातल्या भाषणांत ऐकले होते आणि, कबूल करायला हवे, माझ्याही तोंडून ऐकले होते. एका मुलीने मात्र त्याखाली एक ओळ जास्तीची लिहिली होती. ‘पण आमच्या गावात जंगल कधी नव्हतेच.’ त्या वहीला मी गुण दिले आणि बाजूला ठेवली. पुढचा सगळा मजकूर त्या ओळीमुळे लिहिला आहे.

मुलीचे म्हणणे बरोबर आहे. नकाशा समोर घेऊन पाहावे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला सह्याद्रीच्या माथ्यावर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही अभयारण्ये १९८५ साली घोषित झाली, चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र आणि त्याभोवतालचे बफर क्षेत्र धरून तो सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा आहे. तिथून पूर्वेला उतरत आलो, की कृष्णेचे काळ्या जमिनीचे खोरे लागते. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती आहे. आपल्या आजोबांच्या लहानपणी इथे ज्वारी होती, भुईमूग होता. गेल्या साठ-सत्तर वर्षांत इथे जंगल तुटले असे म्हणायला मुळात तुटण्याजोगे जंगलच नव्हते. बदलले ते पीक. विहिरींवर मोटेच्या जागी पंप आले, कोयनेचे धरण झाले, नदीवरून उपसा सिंचनाच्या योजना निघाल्या आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ताकारी आणि टेंभू योजनांनी तर हे पाणी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढवत नेले.

आता उसाकडे शेतकऱ्याच्या नजरेने न पाहता जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या नजरेने पाहू. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. सुरू उसाला साधारण वर्ष लागते, आणि तोडणीनंतर खोडवा ठेवला की तेच रान पुन्हा वाढते. पुरुषभर उंचीच्या वर, दाट, खाली पाचटाची गादी, आत गारवा, शेजारी पाटाचे पाणी, आणि महिनोन्‌महिने माणसाचे पाऊल आत पडत नाही. पावसाळ्यातले गवताळ रानसुद्धा लपायला इतके सोयीचे नसते. बिबट्याला उसातून अन्न मिळत नाही, आडोसा मिळतो. अन्न शेजारीच असते.

ते अन्न कोणते, याचा चांगला अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने गोळा करून त्यांतील केसांवरून भक्ष्य ओळखले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारात ८७ टक्के वाटा पाळीव वा गावात राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के आणि मांजरे १२ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही शेळ्यांचा वाटा अवघा ११ टक्के होता. कारण वर्गात विचारले तर मुले चटकन सांगतात: शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रे मोकळे असते. याच परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला आणखी एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या बागायती खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळपास तितकेच तरस. गळ्यात पट्टा बसवलेले बिबटे दिवसा पिकात पडून असत आणि रात्री घरांपासून काही मीटरवरून ये-जा करीत. घरातल्या माणसांना त्याचा बहुतेक वेळा पत्ताही नसे.

अकोले म्हणजे कराड नव्हे, हे मान्य. पण पाणी, ऊस, मोकळी कुत्री आणि विरळ पसरलेली रानातली घरे ही चौकडी दोन्हीकडे सारखीच आहे. आपल्याकडे तोडणीच्या हंगामात उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडतात, वनविभागाची माणसे ती क्रेटमध्ये ठेवून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन त्यांना घेऊन जाते, हे या भागातल्या पुष्कळ शिक्षकांनी ऐकले आहे, काहींनी कॅमेऱ्याच्या चित्रफितीत पाहिलेही आहे. ती पिल्ले त्या फडातच जन्मली. तीं ‘शिरली’ कुठून?

भाषेच्या शिक्षकांनी या क्रियापदाकडे जरा पाहावे. ‘शिरणे’ म्हटले की एक आत आणि एक बाहेर गृहीत धरले जाते. शिरणारा बाहेरचा असतो, त्याचे यायचे कारण त्याच्या घरी काहीतरी बिघडले हे असते, आणि त्याला परत पाठवले की प्रश्न संपतो. बातमीतल्या शेवटच्या वाक्याचे कारण आणि ग्रामस्थांच्या मागणीतला पिंजरा ही दोन्ही या एका क्रियापदातून निघतात. वाक्य नुसते चुकीचे असते तर परीक्षेत एक गुण कापून विषय संपला असता. पण त्यावरून कृती होते.

ती कृती मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात २००१ सालापासून पकडलेले बिबटे जंगलात नेऊन सोडण्याचा कार्यक्रम राबवला गेला. २९ बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर सोडण्यात आले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ झाली, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले. हे विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. कारणे जी सांगितली जातात ती समजायला अवघड नाहीत. पिंजऱ्यातला प्राणी भेदरलेला, कधी दात तुटलेला असतो. अनोळखी मुलखात त्याला पाणवठा, लपण, कुत्र्यांच्या वस्त्या काहीच ठाऊक नसते. तिथे आधीच राहणारे बिबटे त्याला टिकू देत नाहीत. आणि ज्या जागेवरून त्याला उचलले ती जागा मोकळी राहत नाही, कोणीतरी तरुण बिबट्या ती घेतोच. शिवाय तो परत चालू लागतो. टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेला एक वयस्क नर पट्टा बसवून माळशेज घाटाजवळ सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. ‘आजोबा’ म्हणून तो प्रसिद्ध झाला आणि २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. चित्रपटाने त्याला नायक केले ते ठीकच, पण वर्गात त्याचा उपयोग करायचा तर तो प्रवासाची गोष्ट म्हणून न करता फसलेल्या प्रयोगाची नोंद म्हणून करावा.

आपल्या भागाच्या बाबतीत एक गोष्ट बातमीत कधीच येत नाही. ‘बिबट्याला नैसर्गिक अधिवासात मुक्त केले’ म्हणजे कुठे? सह्याद्रीच्या उतारावरही माणसे आहेत. बफर क्षेत्रात गावे आहेत, कोयनेच्या काठाला वाड्या आहेत. बागायती गावाची डोकेदुखी उचलून डोंगरातल्या वाडीच्या दारात ठेवणे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. बागायती गावाचा आवाज मोठा असतो, वाडीचा नसतो.

‘आत’ आणि ‘बाहेर’ खरोखर आहेत असे ठिकाणही आपल्याकडे आहे: सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर. अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य उजाड डोंगरावर झाडे लावून आणि हरणे आणून माणसांनी उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे, आणि ते काम मोठेच आहे. इथे कुंपण आहे. तरीही भोवतालच्या शेतकऱ्यांची तक्रार काय, तर हरणे बाहेर येऊन पिके खातात. हरणाच्या बाबतीत ‘बाहेर आले’ हे वाक्य खरे आहे, आणि त्याचा उपाय कुंपण दुरुस्त करणे, आत गवत-पाणी नीट राखणे, नुकसानभरपाई वेळेवर देणे हाच आहे. चांदोलीच्या कडेला शिराळा-पाटणच्या शेतात उतरणाऱ्या गव्याची गोष्ट आणखी तिसरी. तो गवत खाणारा, कळपाने राहणारा प्राणी आहे, त्याचे येणे-जाणे चारा आणि पाणी यांच्याशी बांधलेले आहे. हरीण, गवा आणि बिबट्या या तिघांना एकच कारण आणि एकच धडा लावणे म्हणजे ताप, खोकला आणि पाय मोडणे यांवर एकच गोळी देण्यासारखे आहे.

इथे चौकस विद्यार्थी एक अडचणीचा प्रश्न विचारतो, आणि तो विचारावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली. बिबट्या हलवणे वाईट आणि वाघ हलवणे चांगले, हे कसे? उत्तर असे, की दोन्हीकडे ‘हलवणे’ हा शब्द सारखा असला तरी प्रयोग वेगळा आहे. सह्याद्रीत वाघ जवळजवळ नव्हतेच, म्हणजे जागा रिकामी होती. प्राणी निवडून आणला, आधी बंदिस्त आवारात ठेवला, पट्टा बसवून सोडला आणि त्याच्या हालचालींवर नजर ठेवायची योजना आहे. जुन्नरचे बिबटे भरलेल्या जागेत सोडले होते. तरी वाघिणीचा प्रयोग यशस्वी झाला असे आजच लिहू नये. त्याला वर्षे लागतील.

आता शासकीय बाजू. केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने एप्रिल २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्ष हाताळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांना हा विषय शिकवायचा आहे त्यांनी त्या जरूर वाचाव्यात. केवळ बिबट्या दिसला म्हणून त्याला पकडू नये, पकडणे हा शेवटचा उपाय मानावा, पकडून दूर सोडणे टाळावे, गर्दी आवरावी, गुरांना रात्री बंदिस्त जागा द्यावी, हा त्यांचा गाभा आहे. आतापर्यंत जे लिहिले ते सगळे त्यात शास्त्रशुद्ध रीतीने आलेले आहे. मग गेल्या दीड दशकात मथळे का बदलले नाहीत?

माझ्या मते त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की या सूचना अधिकाऱ्याला ‘काही करू नका’ असे सांगतात, पण ग्रामपंचायतीसमोर जमलेल्या दोनशे माणसांसमोर उभे राहून काही न करणे कसे करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पिंजरा दिसतो. तो लावला की काहीतरी झाले असे वाटते. त्यात बिबट्या अडकला तर तो हल्ला करणाराच होता का, हे कोणी विचारत नाही. दुसरे, कायद्याची भाषाही थोडी आडवी येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते, आणि पहिल्या अनुसूचीतला बिबट्यासारखा प्राणी पकडायचा तर तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री व्हावी लागते. इथपर्यंत उत्तम. पण कलम ११ मध्ये पुढे जोडलेल्या परंतुकात म्हटले आहे, की प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तरच त्याला मारण्याचा आदेश द्यावा. हेतू प्राणी वाचवण्याचा आहे. परिणाम मात्र असा, की जे हलवणे विज्ञानाने निरुपयोगी ठरवले त्यालाच कायद्याच्या पानावर एक सभ्य जागा मिळाली.

हे सगळे वाचून काही शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात, आणि तिथली वाक्येही तपासायला हवीत. ‘बिबट्या माणसाला काही करत नाही, तोच आपल्याला घाबरतो.’ ‘आपणच त्याच्या घरात अतिक्रमण केले आहे.’ दुसरे वाक्य तर पहिल्याच चुकीच्या वाक्याची सोवळी आवृत्ती आहे. आपल्या वडिलार्जित जिरायत रानात ऊस लावणाऱ्याने कोणाच्या घरात अतिक्रमण केले? पहिले वाक्य बहुतेक दिवशी खरे असते, आणि ज्या दिवशी खरे नसते त्या दिवशी एक मूल जाते. कराड तालुक्यातील येणके येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये ऊसतोड मजुराचे लहान मूल बिबट्याच्या हल्ल्यात गेले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन जण गेले, त्यांत दोन मुले होती. या घरांसमोर उभे राहून ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारता येतो का, हे पाहून मगच तो फळ्यावर लिहावा.

येणक्याची घटना मला विशेष बोलते, कारण सहजीवनाची पत्रके ज्या वाचकासाठी छापली जातात तो वाचक तिथे नव्हता. पत्रकातला माणूस पक्क्या घरात राहतो. त्याला सांगितले जाते की गोठा बंद ठेवा, अंगणात दिवा लावा, घरात शौचालय वापरा. ऊसतोडीच्या टोळीकडे यातले काय असते? बीड, अहिल्यानगर आणि आणखी लांबून आलेली ही कुटुंबे उसाच्या कडेलाच कोप्या घालतात. कोपीला दार म्हणजे चादर किंवा ताडपत्री. शेळी, कोंबड्या, कुत्रे भोवतीच. तोड पहाटे अंधारात सुरू होते, आईबाप फडात, आणि मूल बांधावर किंवा गाडीखाली. विधीला जायचे ते उसाच्या कडेला, आणि खाली बसलेला माणूस किंवा चार वर्षांचे मूल उंचीने बिबट्याच्या नेहमीच्या भक्ष्याइतकेच दिसते. शिवाय ते चालू हंगामात त्या गावात नवीन असतात. कुठल्या ओढ्याने बिबट्या ये-जा करतो हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असते, टोळीला नसते. कारखाना, मुकादम, शेतकरी आणि ग्रामपंचायत या चौघांत टोळीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे कुठल्याही पत्रकात सापडत नाही. कोप्या फडापासून थोड्या लांब मोकळ्या जागी घालणे, तिथे दिवा आणि तात्पुरते शौचालय देणे, शेळ्यांना जाळीचा खुराडा देणे, लहान मुलांना दिवसभर सांभाळायला जागा देणे, यांतली एकही गोष्ट अवघड किंवा महाग नाही. शेवटची तर आपल्या खात्याशीच संबंधित आहे. नोव्हेंबरात वर्गात नव्याने येऊन बसणारी आणि मार्चमध्ये न सांगता निघून जाणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मी त्या नववीच्या वर्गात पुढे काय केले ते सांगतो. बातम्यांची कात्रणे आणायला सांगितली आणि प्रत्येकीतली तीन वाक्ये वेगळी काढायला लावली: जे कोणी पाहिले, जे कोणी ऐकले, आणि जे बातमीदाराने स्वतः जोडले. तिसऱ्या रकान्यात जंगलतोडीचे वाक्य जवळजवळ प्रत्येक वेळी पडले. मग आळीनिहाय मोकळी कुत्री मोजायला सांगितले, आणि कचरा कुठे पडतो, कोंबड्यांच्या दुकानातली आतडी कुठे टाकतात, कोप्या कुठे आहेत, हे गावच्या नकाशावर भरायला लावले. रंगीत खडूंच्या खुणा बऱ्याचशा एकाच ठिकाणी, ओढ्याच्या वळणावर, गोळा झाल्या. त्या नकाशाची एक प्रत सरपंचांना दिली. कचऱ्याची जागा अजून बदललेली नाही.

टोळीबरोबर आलेला एक मुलगा त्या दिवसांत वर्गात होता. तो बहुतेक गप्पच असायचा. नकाशा भरून झाल्यावर त्याने विचारले, “सर, आम्ही समदा ऊस तोडला की मग त्यो राहतो कुठं?” खोडवा लगेच वाढत नाही, आडसाली शिल्लक असेल तिकडे जात असेल, ओढ्याच्या झाडीत राहत असेल, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “मग पुढच्या गावाला आमच्याच मागं येत आसंल.”